वावरात काय लावावे? : भारांकित गुणपद्धतीने घरचा निर्णय

नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या नरखेड तालुक्यात संत्र्याची जुनी बाग उपटून वावर मोकळे झाले की त्यात पुढे काय लावायचे, हा प्रश्न शेतीचा असतो तितकाच घराचाही असतो. पुन्हा संत्रा लावावा, मोसंबीकडे वळावे की कापूस-तुरीवर परत यावे, याविषयी घरातील प्रत्येकाचे मत असते. मात्र एक जण उन्हाळ्यातील पाण्याबद्दल बोलतो, दुसरा बाजाराबद्दल, तिसरा वेचणीला मजूर मिळत नसल्याबद्दल, आणि तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असल्यामुळे चर्चा पुढे सरकत नाही. शेवटी ज्याचा शब्द घरात जड, त्याचा निर्णय ठरतो, किंवा शेजारच्या शिवारात ज्या पिकाला यंदा पैसा झाला तेच पीक आपल्याही वावरात येते. फळबागेच्या बाबतीत अशी घाई विशेष महाग पडते, कारण कापसाची चूक पुढच्या हंगामात दुरुस्त करता येते, पण कलम चुकले हे कळेपर्यंत पाच-सहा वर्षे निघून गेलेली असतात. अशा निर्णयांसाठी कागद, पेन आणि एका संध्याकाळचा निवांत वेळ एवढ्याच भांडवलावर वापरता येणारी एक रीत म्हणजे भारांकित गुणपद्धती होय.

या पद्धतीत चार गोष्टी असतात. ज्यांतून निवड करायची ते पर्याय; ज्या बाबींवर पर्यायांची तुलना करायची ते निकष; प्रत्येक निकषावर प्रत्येक पर्यायाला दिलेले गुण; आणि कोणता निकष किती महत्त्वाचा हे सांगणारा आकडा, म्हणजे भारांक. गुणाला भारांकाने गुणायचे, सर्व निकषांचे गुणाकार मिळवायचे आणि येणाऱ्या बेरजा शेजारी शेजारी ठेवायच्या, एवढेच तिचे गणित आहे. बेरीज सोपी असली तरी तिच्या आधीची मांडणी अवघड असते, आणि पद्धतीचा खरा लाभही त्या मांडणीतच असतो.

परिचित मांडणी

मराठी घरांना ही मांडणी मुळीच नवी नाही. विवाह ठरवताना पत्रिका जुळवण्याची जी गुणमेलनाची रीत आहे, तीत आठ कूटे असतात आणि त्यांना चढत्या क्रमाने भार दिलेला असतो: वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७ आणि नाडीला ८, असे एकूण ३६ गुण होतात, आणि साधारणपणे १८ ही किमान मर्यादा मानली जाते. रचना म्हणून पाहिले तर ही भारांकित गुणपद्धतीच आहे. एवढेच नव्हे, तर एकूण गुण भरपूर जुळूनही नाडीदोषापाशी अनेक घरे अडतात, म्हणजे एखादा निकष बेरजेत मोजण्याऐवजी अडसर म्हणून वेगळा ठेवण्याची सोयही तीत आहे. मात्र याच उदाहरणातून एक सावधगिरीही शिकावी लागते: मांडणी नेटकी असली म्हणून तिच्यातील निकष खरे ठरत नाहीत, आणि ज्या निकषांचा संसाराच्या सुखाशी संबंध कधी तपासून सिद्ध झालेला नाही, त्यांची बेरीज कितीही काटेकोर केली तरी तिच्यातून ज्ञान निर्माण होत नाही. शासकीय पातळीवर, महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावांची पाहणी गुणांच्या आधारे करून गुण देऊन तुलना करण्याची ही कल्पना गावोगावी पोहोचवली.

वैयक्तिक निर्णयासाठी कागदावर वजने मांडण्याचा सल्ला युरोप-अमेरिकेतही जुना आहे. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या जोसेफ प्रीस्टली यांना एका नोकरीविषयी निर्णय घ्यायचा होता, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ साली पत्र लिहून काय निवडावे हे सांगण्याचे टाळले आणि कसे निवडावे ते सांगितले: कागदाचे दोन भाग करावेत, तीन-चार दिवस सुचतील तशी अनुकूल-प्रतिकूल कारणे लिहावीत, प्रत्येकाचे वजन अजमावावे आणि समान वजनाची कारणे दोन्ही बाजूंनी खोडत जावे. आजची भारांकित पद्धत हे त्याच विचाराचे, दोनपेक्षा अधिक पर्यायांना पुरेल असे रूप आहे.

पहिली पायरी : चाळणी

बेरजेचा एक अंगभूत दोष असा की ती भरपाई करते, म्हणजे एका निकषावरचे शून्य दुसऱ्या निकषावरच्या भरघोस गुणांखाली झाकले जाते. प्रत्यक्षात मात्र काही उणिवांची भरपाई होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विहीर आणि बोअर दोन्ही आटत असतील, तर फळाला बाजारात कितीही भाव असला तरी कोवळी कलमे जगत नाहीत. म्हणून ज्या अटी पूर्ण झाल्याच पाहिजेत त्या भारांकाच्या तक्त्यात न घेता आधीच चाळणी म्हणून लावाव्यात आणि तीतून जे पर्याय खाली पडतील त्यांच्यासाठी पुढचे गणित करूच नये.

नरखेडच्या परिसरात फळबागेसाठी अशा तीन अटी सहज सांगता येतात. पहिली अट उन्हाळी पाण्याची. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येत असल्याने फळ पोसण्यासाठी संपूर्ण उन्हाळाभर ओलित लागते; मृग बहारात झाडांना उन्हाळ्यात ताण देऊन जूनच्या पावसावर फुले घेतली जातात, त्यामुळे पाणी कमी असलेले शेतकरी मृगाकडे वळतात; परंतु नवी लागवड पहिली काही वर्षे कोणत्याच बहारात नसते आणि तिला दर उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. दुसरी अट जमिनीची. भारी, पाण्याचा निचरा न होणाऱ्या जमिनीत मुळे आणि खोड कुजवणारा फायटोफ्थोरा बुरशीचा रोग, ज्याला शेतकरी डिंक्या म्हणतात, बळावतो. जुनी बाग याच रोगाने गेली असेल तर बुरशी मातीत शिल्लक राहिलेली असू शकते आणि त्याच जागी लिंबूवर्गीय झाड लावण्यापूर्वी माती तपासून घेणे आवश्यक ठरते. असा सल्ला घेण्यासाठी काटोल येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, तर १९८५ साली सुरू झालेली लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहे. तिसरी अट घरखर्चाची: बाग फळावर येईपर्यंतच्या वर्षांत घराचा किमान खर्च, शिक्षण आणि आजारपण यांसाठी दुसरा आधार नसेल, तर तो पर्याय कितीही आकर्षक असला तरी चाळणीतच थांबला पाहिजे.

दुसरी पायरी : निकष मोजके आणि वेगवेगळे

निकष पाच ते सात पुरेत. यादी वाढली की एकच गोष्ट दोन नावांनी शिरते आणि नकळत दुप्पट मोजली जाते. उदाहरणार्थ, 'उत्पन्न' आणि 'भाव' हे दोन्ही निकष घेतले तर भाव दोनदा मोजला जातो, कारण उत्पन्नात तो आधीच आलेला असतो. म्हणून भावाऐवजी 'विक्रीची सोय' असा निकष घेऊन त्यात माल विकायला किती धडपड करावी लागते, नाशवंत माल व्यापाऱ्याच्या बोलीसाठी किती थांबू शकतो, एवढेच मोजावे. निकषाचे नाव नेहमी चांगल्या बाजूने लिहावे, म्हणजे 'पाण्याची जोखीम' न लिहिता 'पाण्याच्या बाबतीत निर्धास्तपणा' असे लिहावे, जेणेकरून जास्त गुण म्हणजे अधिक चांगले हा अर्थ सर्वत्र एकच राहील.

तिसरी पायरी : आधी गुण, तेही आडव्या क्रमाने

गुण ० ते १० या पट्टीवर द्यावेत, आणि पट्टीची टोके समोरच्या पर्यायांवरून ठरवावीत: त्या निकषावर सर्वांत कमी पडणाऱ्या पर्यायाला ०, सर्वांत सरस पर्यायाला १० आणि उरलेल्यांना त्यांच्यामधील अंतर पाहून मधले गुण. येथे शून्याचा अर्थ निरुपयोगी असा नसून समोरच्या पर्यायांत शेवटचा एवढाच असतो. गुण देताना एका पर्यायाचे सर्व निकष एका दमात भरू नयेत, तर एक निकष घेऊन सर्व पर्यायांना गुण द्यावेत आणि मग पुढच्या निकषाकडे जावे. कारण ज्या पर्यायावर मन बसलेले असते, त्याला सर्वच रकान्यांत चढे गुण देण्याकडे माणसाचा कल असतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी १९५५ च्या सुमारास इस्रायली सैन्यात नव्या भरतीच्या मुलाखतींसाठी हीच शिस्त घालून दिली होती: उमेदवाराच्या सहा गुणांपैकी एकेकाचे स्वतंत्र मूल्यमापन करायचे, आणि ते सर्व संपल्यावरच मुलाखत घेणाऱ्याने डोळे मिटून आपला एकूण अंदाज सांगायचा. शिस्तीनंतर आलेला तो अंदाजही उपयोगी ठरला, हे त्यातील लक्षात ठेवण्यासारखे आहे. अंतःप्रेरणेला जागा आहे, पण ती शेवटी.

चौथी पायरी : भारांक

बहुतेक तक्ते येथे बिघडतात. 'पैसा महत्त्वाचा की पाणी महत्त्वाचे' असा मोकळा प्रश्न विचारला तर दोन्हींचे उत्तर 'फार महत्त्वाचे' असेच येते आणि भारांकांना अर्थ उरत नाही. योग्य प्रश्न असा असतो: या निकषावर समोरच्या पर्यायांपैकी सर्वांत वाईटापासून सर्वांत चांगल्यापर्यंत गेल्याने घराच्या जगण्यात किती फरक पडेल? एखादी बाब आयुष्यात कितीही मोठी असली, पण समोरच्या पर्यायांत तिच्यापुरता फरकच नसला, तर तिचा भारांक जवळजवळ शून्य असायला हवा. शेत तेच राहणार असल्यामुळे शेतापर्यंतचा पांदण रस्ता हा निकष महत्त्वाचा असूनही पीक निवडताना बिनकामाचा ठरतो. शेत विकत घेताना मात्र तोच निकष वरच्या क्रमांकावर येऊ शकतो.

रीत म्हणून, सर्व निकष शेवटच्या पातळीवर आहेत असे मानावे आणि त्यांपैकी एकच वर नेण्याची मुभा मिळाली तर कोणता न्यावा हे आधी ठरवावे, तो पहिला. मग दुसरा, तिसरा असा क्रम लावून १०० गुण त्या क्रमाने वाटावेत. घरातील प्रत्येकाने, ज्यांचा दिवस शेतात आणि चुलीपाशी दोन्हीकडे जातो त्या स्त्रियांनीसुद्धा, आपले भारांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहावेत आणि सर्वांच्या चिठ्ठ्या एकदमच उघडाव्यात, कारण वडीलधाऱ्यांनी आकडा आधी बोलून दाखवला की बाकीचे आकडे त्याच्या आसपास येऊन बसतात. घरातील खरा मतभेद कोठे आहे हे त्या चिठ्ठ्यांवरून कळते: मोसंबी की कापूस यावर वाद घालणाऱ्या दोघांचे पिकाविषयीचे अंदाज एकच असतात आणि फरक एवढाच असतो की एकाला येत्या तीन वर्षांतील रोख रक्कम हवी असते, तर दुसऱ्याची नजर दहा वर्षांपुढे असते.

एक नमुना तक्ता

समजा, एका कुटुंबाकडे एक हेक्टर मोकळे, ओलिताखालचे वावर आहे, तिन्ही पर्याय चाळणीतून पार झाले आहेत आणि भारांक पुढीलप्रमाणे ठरले आहेत. खालील आकडे केवळ रीत समजावण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या विहिरीचे, जमिनीचे आणि हिशेबाच्या वहीतील आकडे वापरूनच गुण भरावेत.

| निकष | भारांक | संत्रा | मोसंबी | कापूस-तूर |
|---|---|---|---|---|
| पहिल्या पाच वर्षांतील रोख | ३० | ० | २ | १० |
| बाग पूर्ण फळावर आल्यानंतरचे उत्पन्न | २५ | १० | ८ | ० |
| पाण्याबाबत निर्धास्तपणा | २० | १ | ० | १० |
| मजुरीचा सुटसुटीतपणा | १५ | ८ | १० | ० |
| विक्रीची सोय | १० | ० | ५ | १० |
| एकूण (१००० पैकी) | १०० | ३९० | ४६० | ६०० |

या गुणांमागे कारणे आहेत आणि ती तक्त्याशेजारी लिहून ठेवणे आवश्यक असते. सहा बाय सहा मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात, पण संत्रा पाचव्या-सहाव्या वर्षापासून फळ देऊ लागत असल्याने पहिल्या निकषावर तो शेवटी राहतो. मजुरीच्या रकान्यात कापूस शेवटी आहे, कारण वेचणी हातानेच आणि अनेक फेऱ्यांत करावी लागते. विक्रीच्या बाबतीत कापसाला केंद्र सरकारचा हमीभाव असतो, तसा तो संत्रा-मोसंबीला नसतो. शिवाय संत्र्याची साल सैल असल्याने माल वाहतुकीत लवकर खराब होतो, तर मोसंबीची घट्ट साल तुलनेने तग धरते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी त्यामुळे आपल्या वावरातील मालाला प्रत्यक्षात जास्त दर मिळतो का, हे मागील विक्रीच्या पावत्या पाहूनच ठरवावे. नावलौकिकाला गुण देऊ नयेत.

पाचवी पायरी : निकाल हलवून पाहणे

वरच्या तक्त्यात कापूस-तूर १४० गुणांनी पुढे आहे, म्हणून कागद घडी करून ठेवणे ही घाई ठरेल. भारांक हे मोजमाप नसून अंदाज असतात, म्हणून ते थोडे इकडचे तिकडे करून निकाल टिकतो का हे पाहावे लागते. पहिल्या निकषातील १० गुण काढून दुसऱ्याला दिले, म्हणजे ३० व २५ ऐवजी २० व ३५ केले, तर मोसंबी ५२०, कापूस-तूर ५०० आणि संत्रा ४९० असे चित्र होते. क्रम उलटला, आणि तिघांमधील अंतर इतके कमी झाले की त्याला बरोबरीच म्हणावे लागेल. आणखी ५ गुण सरकवले, म्हणजे भारांक १५ व ४० केले, तर मोसंबी ५५०, संत्रा ५४० आणि कापूस-तूर ४५० होतात. याचा अर्थ असा की पाणी, मजुरी आणि विक्री यांविषयी घरात कितीही वाद होत असला तरी हा निर्णय प्रत्यक्षात एकाच प्रश्नावर टांगलेला आहे: बाग फळावर येईपर्यंत हे घर किती काळ तग धरू शकते? वेळ आणि विचार त्या प्रश्नावर खर्च करावा. बाकीच्या रकान्यांतील ७ गुण की ८, यावर नव्हे.

कळीचा निकष सापडला की नवा पर्यायही सुचतो. कोवळ्या बागेत ओळींमधल्या जागेत पहिली काही वर्षे सोयाबीन, हरभरा यांसारखी द्विदल आंतरपिके घेता येतात. मोसंबी आणि आंतरपीक असा चौथा पर्याय घेऊन त्याला रोखीच्या निकषावर २ ऐवजी ६ आणि मजुरीच्या निकषावर १० ऐवजी ८ गुण दिले, तर मूळ भारांकांवर त्याची बेरीज ५५० होते. पूर्वी मोसंबीला कापसाच्या पुढे जाण्यासाठी ९ गुण सरकवावे लागत होते, आता ५ पुरतात. लागवडीचा खर्च ग्रामीण रोजगार हमीच्या योजनेतून, किंवा तीत न बसणाऱ्या शेतकऱ्यांना राज्याच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून मिळू शकतो का, याची चौकशी कृषी विभागाकडे केल्यावर हाच रकाना पुन्हा बदलू शकतो. अर्धे वावर बागेला आणि अर्धे कापसाला, हाही पर्यायच आहे आणि त्यालाही वेगळा रकाना मिळायला हवा.

भारांक ठरवताना घर फारच अडखळत असेल, तर सर्व निकषांना समान भारांक देऊन पाहण्यास हरकत नाही. निकष योग्य निवडलेले असतील तर समान भारांकांची साधी बेरीजसुद्धा अनुभवी माणसाच्या एकंदर अंदाजापेक्षा बहुधा सरस भाकीत करते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबिन डॉस यांनी १९७९ साली दाखवून दिले होते. भारांकाच्या शेवटच्या आकड्यापेक्षा निकषांची निवड अधिक मोलाची, हा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

शेताबाहेर

हीच रीत शेताबाहेरच्या निर्णयांनाही लागू पडते. बारावीनंतर मुलीने नागपूरला वसतिगृहात राहून शिकावे की नागपूर-इटारसी लोहमार्गावर असलेल्या नरखेडहून रोज ये-जा करावी, हे ठरवताना वेळापत्रक न जुळणारी गाडी ही चाळणीतील अट होऊ शकते, तर खर्च, अभ्यासाला मिळणारा वेळ, अभ्यासक्रमाचा दर्जा आणि मुलीची स्वतःची इच्छा हे निकष होतात. येथे भारांक ठरवण्याचा पहिला अधिकार जिचे आयुष्य पणाला लागले आहे तिचा आहे, पालकांचा दुसरा. घर बांधावे की आधी बोअर करावी, जुना ट्रॅक्टर घ्यावा की भाड्यानेच मशागत करून घ्यावी, अशा प्रश्नांतही निकष बदलतात, रीत तीच राहते.

ती सर्वत्र वापरू नये, हेही तितकेच खरे. जो निर्णय चार दिवसांत बदलता येतो त्यासाठी तक्ता मांडणे हा वेळेचा अपव्यय आहे. जेथे थोड्या जागेत करून पाहणे शक्य आहे तेथे कागदावरील गुणांपेक्षा एका हंगामाचा अनुभव अधिक विश्वासार्ह असतो. आणि जेथे एखाद्या माणसाची संमती हाच मूळ प्रश्न आहे, तेथे तिची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. गुण भरून झाल्यावर आवडता पर्याय मागे पडला म्हणून भारांक बदलण्याचा मोह होतो, तेव्हा दोन शक्यता तपासाव्यात: एखादा खरा निकष लिहायचा राहून गेला आहे, किंवा निर्णय आधीच झालेला होता आणि तक्त्याकडून केवळ होकार हवा होता. पहिली शक्यता खरी असेल तर तो निकष उघडपणे नाव देऊन तक्त्यात घालावा; दुसरी असेल तर तक्ता बाजूला ठेवून तसे घरात स्पष्ट सांगावे.

निर्णय झाल्यावर तक्ता, त्याखालील कारणे आणि तारीख असलेला कागद सातबाऱ्याच्या कागदांसोबत जपून ठेवावा. पाच वर्षांनी भाव पडले किंवा गारपिटीने बहार गेला, तर घरातील कोणालाही 'मी तेव्हाच म्हणत होतो' असे म्हणणे सोपे जाते. परंतु त्या कागदावरून निर्णय चुकला होता की निर्णय योग्य असून वर्ष वाईट गेले, हे वेगळे करून पाहता येते, आणि पुढच्या वेळी कोणत्या रकान्यातील अंदाज सुधारायचा हेही त्यातूनच समजते.